किंमत न छापलेली जाहिरात

रविवारचं वर्तमानपत्र हातात घेतलं की बातम्यांच्या आधी जाहिराती दिसतात. साड्यांचा सेल, फर्निचरवर चाळीस टक्के सूट, वन बीएचकेचं बुकिंग, क्लासेसचे निकाल. या सगळ्या जाहिरातींचा स्वभाव एकच असतो. त्या घाईत असतात. ‘आजच या’, ‘शेवटचे तीन दिवस’, ‘स्टॉक संपेपर्यंत’. आकडे मोठे, अक्षरं मोठी, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर त्याहून मोठा.

आणि मग एखाद्या गुळगुळीत पानावर एक जाहिरात अशी भेटते की तिला कसलीच घाई नसते. काळसर पार्श्वभूमी. मधोमध एक घड्याळ. काटे बहुधा दहा वाजून दहा मिनिटांवर. खाली एक नाव, कधी त्याखाली ‘जिनिव्हा’ एवढाच शब्द. किंमत नाही, सूट नाही, घड्याळ वेळ बरोबर दाखवतं असा दावाही नाही. शेजारचं पान ओरडत असताना हे पान गप्प बसलेलं असतं.

मी कविता लिहिणारा माणूस आहे. शब्द कमी वापरून जास्त सांगायचं, हाच आमचा व्यवसाय. त्यामुळे एवढे कमी शब्द वापरणारा हा दुसरा व्यवसाय आहे तरी कसा, याची मला उत्सुकता वाटली. शिवाय एक साधा प्रश्न होता. ज्या वर्तमानपत्राच्या शंभर वाचकांतले नव्याण्णव जण हे घड्याळ कधीच घेणार नाहीत, त्यात कंपनी एवढे पैसे खर्चून जाहिरात का देते? या प्रश्नाचा माग काढत गेलो, तेव्हा जे हाती लागलं ते आज तुम्हांला सांगणार आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. ही महागडी घड्याळं बहुतेक यांत्रिक असतात. आत सेल नसतो. स्प्रिंग, चाकं, दाते, इवलेसे स्क्रू यांच्यावर ती चालतात. ती घडवायला कारागिरी लागते, ती खरी असते आणि तिचं मोल आहेच. पण वेळ अचूक दाखवण्याच्या परीक्षेत ती मागे पडतात. उत्तम यांत्रिक घड्याळाला स्वित्झर्लंडमध्ये जे अधिकृत प्रमाणपत्र मिळतं, त्याच्या कसोटीत घड्याळाचं यंत्र दिवसाला सरासरी चार सेकंद मागे किंवा सहा सेकंद पुढे गेलेलं चालतं. आपल्या बाजारात काही शे रुपयांना मिळणारं सेलवरचं साधं क्वार्ट्झ घड्याळ महिनाभरात सुमारे पंधरा सेकंद इकडे-तिकडे होतं. म्हणजे लाखो रुपयांच्या घड्याळापेक्षा काही शे रुपयांचं घड्याळ जास्त अचूक. तरीही पहिलं लाखोंना विकलं जातं. मधला जो फरक आहे, त्यात कारागिरी आहे, सोनं-पोलाद आहे आणि फार मोठा भाग जाहिरातीने रचलेल्या प्रतिष्ठेचा आहे.

ही रचना एका दिवसात उभी राहिली नाही. तिचा एक मोठा शिल्पकार म्हणजे हान्स विल्सडॉर्फ. बव्हेरियात जन्मलेला, लहानपणीच पोरका झालेला हा माणूस. त्याने १९०५ साली लंडनमध्ये भागीदारीत घड्याळांचा व्यापार सुरू केला आणि १९०८ साली ‘रोलेक्स’ हे नाव नोंदवलं. नाव छोटं हवं, कुठल्याही भाषेत उच्चारता यावं आणि तबकडीवर मावावं, हा त्यामागचा विचार. त्या काळी पुरुष खिशात साखळीचं घड्याळ ठेवत. मनगटावर बांधायचं घड्याळ हा बायकांचा दागिना समजला जाई. ते नाजूक असतं, धूळ-पाण्यात टिकत नाही, असा समज होता आणि तो बराचसा खराही होता.

१९२६ साली विल्सडॉर्फच्या कंपनीने पाणी आत न शिरणारं घड्याळ काढलं. त्याला नाव दिलं ‘ऑयस्टर’, म्हणजे शिंपला. पण पाणी शिरत नाही हे लोकांना पटवायचं कसं? दुकानदारांनी काचेच्या भांड्यात पाणी भरून, त्यात मासे सोडून, मध्ये हे घड्याळ टांगून ठेवलं. रस्त्यावरून जाणारा माणूस थबकायचाच.

खरी संधी आली ती १९२७ च्या ऑक्टोबरमध्ये. मर्सिडीज ग्लाइट्झ नावाची लंडनमधली एक टायपिस्ट मुलगी. ७ ऑक्टोबरला तिने इंग्लिश खाडी पोहून पार केली. असं करणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री. पण काही दिवसांतच दुसऱ्या एका बाईने आपण त्याहून कमी वेळात खाडी पार केल्याचा दावा केला आणि मग तो खोटा असल्याचं स्वतःच कबूल केलं. त्यामुळे मर्सिडीजच्या खऱ्या पराक्रमावरही लोक संशय घेऊ लागले. आपला शब्द खरा आहे हे दाखवण्यासाठी ती २१ ऑक्टोबरला पुन्हा पाण्यात उतरली. हे ऐकून विल्सडॉर्फने तिच्यापर्यंत आपलं ऑयस्टर घड्याळ पोचवलं.

त्या दिवशी पाणी भयंकर गार होतं. दहा तासांहून जास्त वेळ ती पोहत राहिली. शेवटी तिची शुद्ध हरपत चालली आणि तिला बोटीत ओढून घ्यावं लागलं. खाडी पार झाली नाही. पण तिची जिद्द पाहून लोकांचा संशय गेला. आणि तिच्या गळ्यात अडकवलेलं घड्याळ चालू होतं. २४ नोव्हेंबर १९२७ रोजी लंडनच्या ‘डेली मेल’चं पहिलं पान रोलेक्सच्या जाहिरातीने भरलं. निसर्गाला न जुमानणारं घड्याळ, असा तिचा सूर होता.

यातली मेख पाहा. मुलगी थकली, घड्याळ थकलं नाही. पोहण्याचा तो प्रयत्न अपुरा राहिला, पण जाहिरात पुरी झाली. त्याआधी घड्याळांच्या जाहिराती घड्याळाचे गुण सांगत. इथे एका माणसाचं धैर्य घड्याळाच्या नावावर जमा झालं. मर्सिडीजबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. पोहण्यातून मिळालेल्या पैशांतून तिने पुढे लेस्टर शहरात निराधारांसाठी घरं उभी केली. जाहिरातींनी तिच्या गळ्यातल्या घड्याळाची आठवण जपली. या घरांची आठवण जपण्याचं कुणालाच कारण नव्हतं.

ही युक्ती पुढे सगळ्यांनी उचलली. २९ मे १९५३ ला तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोचले. त्या मोहिमेला रोलेक्सनेही घड्याळं दिली होती आणि स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीनेही. दोघांनीही एव्हरेस्टच्या नावाने जाहिराती केल्या. शिखरावर नेमकं कुणाचं घड्याळ होतं यावर शौकीन मंडळी अजून वाद घालतात. पाठीवर ओझी वाहून तळापासून वर छावण्या उभारणाऱ्या शेर्पांच्या हातात काय होतं, यावर कुणी वाद घालत नाही.

मग चंद्र आला. अमेरिकेच्या ‘नासा’ने अंतराळवीरांसाठी घड्याळं हवीत म्हणून निरनिराळ्या कंपन्यांच्या घड्याळांना उष्णता, थंडी, धक्के, निर्वात पोकळी अशा कठोर परीक्षांतून नेलं आणि १९६५ साली ओमेगाचं ‘स्पीडमास्टर’ मान्य केलं. जुलै १९६९ मध्ये बझ ऑल्ड्रिन चंद्रावर उतरला, तेव्हा ते त्याच्या मनगटावर होतं. नील आर्मस्ट्राँगने आपलं घड्याळ यानातच ठेवलं होतं, कारण यानातलं वेळ दाखवणारं उपकरण बिघडलं होतं. म्हणजे चंद्रावर पहिलं पाऊल पडलं ते घड्याळाविना. पण ‘चंद्रावर गेलेलं घड्याळ’ हे बिरुद ओमेगाला कायमचं मिळालं.

हे बिरुद खोटं नाही, हे लक्षात घ्या. या जाहिराती बहुधा खोटं बोलत नाहीत. त्या एक खरी गोष्ट उचलतात आणि तिचा कवडसा आपल्या मालावर पाडतात. चंद्रावर गेला तो माणूस, त्यामागे हजारो शास्त्रज्ञ, कामगार आणि अमेरिकन करदात्यांचा पैसा. कवडसा पडला घड्याळावर. आणि ते घड्याळ घेणाऱ्याला वाटतं की त्यातला थोडा उजेड आता आपल्या मनगटावर आला.

आपल्या मातीतलीही एक गोष्ट यात आहे. झेगर-लेकुल्त्र या स्विस कंपनीचं ‘रिव्हर्सो’ नावाचं चौकोनी घड्याळ १९३१ साली निघालं. त्याची तबकडी सरकवून उलटी करता येते. हिंदुस्थानातले ब्रिटिश लष्करी अधिकारी पोलो खेळत आणि त्यात घड्याळांच्या काचा फुटत. त्यावर हा उपाय निघाला. आज कंपनी ही कहाणी मोठ्या हौसेने सांगते. घोडे, हिरवळ, खेळाडू, साम्राज्याचा रुबाब. त्या कहाणीत घोड्याचा मोतद्दार नसतो आणि त्या हिरवळीचा कर भरणारा शेतकरीही नसतो. जाहिरात इतिहासातून काय घेते यापेक्षा काय वगळते, ते पाहणं जास्त बोधप्रद असतं.

१९६९ हे साल या धंद्यात मोठं विचित्र. जुलैमध्ये यांत्रिक घड्याळ चंद्रावर पोचलं आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला टोकियोत जपानच्या सायको कंपनीने ‘अ‍ॅस्ट्रॉन’ हे पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आणलं. पहिल्यांदा ते एका लहान मोटारगाडीच्या किमतीचं होतं, पण काही वर्षांत क्वार्ट्झ घड्याळं स्वस्त झाली, अचूक तर होतीच. स्विस कारखाने धडाधड बंद पडू लागले. १९७० च्या सुमारास या उद्योगात नव्वद हजारांच्या आसपास माणसं होती. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ती तीस हजारांच्या थोडी वर उरली. आमच्या सोलापुरात गिरण्या बंद पडताना ज्यांनी पाहिल्या, त्यांना या आकड्यांमागची घरं दिसतील.

आता प्रश्न असा होता की वेळ दाखवण्याचं काम स्वस्त घड्याळ जास्त चांगलं करत असेल, तर महाग घड्याळाने विकायचं काय? इथे जाहिरातीने जी कमाल केली, तिला दाद द्यावी लागेल. १९८२ साली जाँ-क्लोद बिव्हेर आणि त्याच्या सहकाऱ्याने ‘ब्लांपां’ हे जुनं, बंद पडलेलं नाव सुमारे बावीस हजार फ्रँकना विकत घेतलं. नावापलीकडे तिथे फारसं काही उरलं नव्हतं. त्यांनी जाहिरातीत एकच गोष्ट ठासून सांगितली. १७३५ पासून आमचं एकही घड्याळ क्वार्ट्झ नव्हतं आणि पुढेही असणार नाही. ज्या गोष्टीमुळे धंदा बुडाला होता, तीच त्यांनी अभिमानाची केली. जणू हातमागावरच्या विणकराने सांगावं की माझ्या कापडात यंत्राचा एक धागा सापडायचा नाही. दहा वर्षांनी, १९९२ साली, ही कंपनी सुमारे सहा कोटी फ्रँकना विकली गेली.

तिथून पुढे या धंद्याची भाषाच बदलली. अचूकता, टिकाऊपणा हे शब्द मागे पडले. परंपरा, वारसा, कालातीत हे शब्द पुढे आले. १९९६ साली ‘पाटेक फिलिप’ने एक जाहिरातमाला सुरू केली. कृष्णधवल छायाचित्र, देखणा बाप, शेजारी लहान मुलगा, आणि मजकुराचा आशय असा की हे घड्याळ खरं म्हणजे तुमच्या मालकीचं नसतंच, तुम्ही ते पुढच्या पिढीसाठी सांभाळता. तीस वर्षं होत आली, हा सूर अजून कायम आहे.

त्यातली चलाखी समजून घ्या. एवढे पैसे स्वतःच्या मनगटावर उधळताना माणसाच्या मनात कुठेतरी खंत असते. जाहिरातीने ती खंत काढून घेतली. तुम्ही चैन करत नाही, तुम्ही मुलासाठी ठेवा ठेवताय. खर्च झाला, पण नाव कर्तव्याचं पडलं. आणि वारसा म्हणजे काय, हे आता घड्याळ ठरवू लागलं. आपल्याकडेही बापाचं घड्याळ मुलाकडे येतं. पट्टा बदललेलं, काच धुरकट झालेलं एचएमटीचं ‘जनता’ अजून कितीतरी घरांतल्या कपाटात आहे. बंगलोरला १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने एचएमटीची घड्याळं बनू लागली आणि २०१६ साली ते काम थांबलं. त्या घड्याळाला मुलं जपतात ती ते बापाने वापरलं म्हणून. महागड्या जाहिरातीत क्रम उलटा होतो. तिथे घड्याळ महाग आहे म्हणून बाप लक्षात राहील, असं सुचवलं जातं.

कवींनाही या धंद्याने सोडलेलं नाही. ‘ब्रेगे’ हे पॅरिसमधलं अठराव्या शतकातलं घराणं. पुश्किनच्या ‘येवगेनी ओनेगिन’चा नायक ब्रेगेचं घड्याळ बाळगतो. पुढे कंपनीने पुश्किन, बाल्झाक अशा लेखकांच्या लिखाणातले ब्रेगेचे उल्लेखच आपल्या जाहिरातींत छापले. पुश्किनला यातला एक रूबलही मिळाला नाही हे उघड आहे. राणी मारी आंत्वानेतसाठी १७८३ साली याच घराण्याकडे मागणी नोंदवलेलं घड्याळ १८२७ साली पुरं झालं. तोवर राणीचा शिरच्छेद होऊन चौतीस वर्षं लोटली होती, आणि घड्याळ घडवू लागलेला ब्रेगेही हयात नव्हता. हे घड्याळ १९८३ साली जेरुसलेमच्या इस्लामी कलेच्या संग्रहालयातून चोरीला गेलं आणि २००७ साली परत सापडलं. मधल्या काळात ब्रेगेचे नवे मालक निकोला हायेक यांनी त्याची हुबेहूब प्रतिकृती करून घेतली आणि व्हर्सायच्या राजवाड्याच्या आवारातल्या राणीच्या छोट्या महालाच्या दुरुस्तीचा खर्चही उचलला. याला कुणी जाहिरात म्हणणार नाही. पण जगभरच्या वर्तमानपत्रांनी ती बातमी छापली आणि प्रत्येक बातमीत ब्रेगे हे नाव होतं.

जाहिरात वाटू नये अशी जाहिरात, ही या धंद्याची सर्वांत वरची पायरी. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ओमेगाने वेळ मोजण्याचं काम घेतलं. १९७८ पासून विम्बल्डनच्या मैदानावर रोलेक्सचं घड्याळ आहे. खेळ पाहताना आपण स्कोअरकडे बघतो, तेव्हा डोळे त्या नावावरून जातात. कुणी आपल्याला काही विकत नसतं, निदान तसं वाटत नाही. आपल्याकडे १९९९ साली ऐश्वर्या राय लाँजिन्सचा चेहरा झाली, २००३ साली शाहरुख खान टॅग ह्यूअरचा. ओळखीच्या चेहऱ्यामुळे अनोळखी नाव घराघरांत गेलं.

आणि टंचाईसुद्धा जाहिरात होते. काही घड्याळांसाठी पैसे असूनही नाव नोंदवून थांबावं लागतं. आपल्याकडे परवान्यांच्या जमान्यात स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं थांबत आणि सरकारला शिव्या देत. इथे थांबणारा माणूस थांबल्याचा अभिमान बाळगतो. जे सहज मिळत नाही ते मौल्यवान, हा हिशोब जुनाच. पॉल न्यूमन या अमेरिकन नटाला त्याच्या पत्नीने दिलेलं रोलेक्स ‘डेटोना’ घड्याळ २०१७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात पावणेदोन कोटी डॉलरपेक्षा थोड्या जास्त किमतीला गेलं. तेव्हाच्या दराने शंभर कोटी रुपयांहून जास्त. गंमत म्हणजे तशा तबकडीची घड्याळं सुरुवातीला दुकानांत पडून राहत.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. न परवडणाऱ्यांना ही जाहिरात का दाखवतात?

याचं उत्तर मला आमच्या कवितेच्या इतिहासात सापडलं. उर्दू-फारसीत ‘कसीदा’ नावाचा प्रकार आहे. त्यात कवी दरबारात बादशहाची स्तुती करतो. आपल्याकडचे भाट-चारणही तेच करत. स्तुती कुणाची, तर राजाची. पैसे कोण देतो, तर राजाच. मग भर दरबारात का? एकांतात का नाही? कारण राजाला आपण थोर आहोत हे नव्याने कळायचं नसतं. ते दरबाराने ऐकलं, हे त्याला हवं असतं. दरबार नसेल तर कसीदा निरर्थक आहे.

महागड्या घड्याळाची जाहिरात हा आजचा कसीदा आहे, आणि दरबारी आपण आहोत. घेणाऱ्याला ते घड्याळ आवडतं हे खरं, पण त्याचा निम्मा आनंद दुसऱ्याने ते ओळखण्यात आहे. समोरच्याने मनगटाकडे पाहून मनातल्या मनात किंमत केली नाही, तर लाखो रुपये वाया. म्हणून समोरच्यालाही ते नाव, तो आकार माहीत असायला हवा. थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १८९९ सालीच लिहून ठेवलं की काही खर्च गरजेसाठी नसतात, लोकांनी पाहावं म्हणून असतात. जाहिरातवाल्यांनी त्याला पुढची जोड दिली. पाहणारे लोकही तेच तयार करतात. घेणाऱ्याला घड्याळ विकतात आणि न घेणाऱ्याला त्या घड्याळाची किंमत शिकवतात. दुसरं काम फुकट होतं, कारण आपण ते आपखुशीने शिकतो.

हे शिक्षण निरुपद्रवी असतं, तर मी हा विषय घेतला नसता. दोन वर्षांपूर्वी आमच्या मोहल्ल्यातल्या एका यंत्रमाग कामगाराच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलाकडचे सभ्य. ‘आम्हांला काही नको’ असं पहिल्याच बैठकीत म्हणाले. मग एके दिवशी मोबाइलवर फोटो आला. मुलाला हौस आहे, तेवढं घड्याळ द्या. हे गृहस्थ फोटो घेऊन माझ्याकडे आले. परदेशी कंपनी, किंमत एक लाख अठरा हजार. त्यांनी पडद्यावरच्या त्या तबकडीकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “शायरसाहेब, हे वेळ तर आपलीच दाखवतं ना?”

मी म्हणालो, “भाई, हा हुंडाच आहे. १९६१ पासून कायद्याने गुन्हा आहे. नाही म्हणा.”

ते म्हणाले, “तुम्ही म्हणता ते खरं. पण नाही म्हटल्यावर माझ्या मुलीला तिथे काय ऐकावं लागेल, ते तुमच्या कायद्यात लिहिलंय का?”

त्यांनी पतसंस्थेतून कर्ज काढलं. लग्न झालं. मुलगी सुखात आहे, जावईही चांगला आहे. घड्याळ तो रोज वापरत नाही. वर्कशॉपमध्ये खरचटेल म्हणून कपाटात ठेवतो आणि लग्नकार्याला काढतो. हप्ते अजून चालू आहेत.

यात दोष कुणाला द्यायचा? त्या कंपनीने काही हुंडा मागितला नव्हता. पूर्वी लग्नात जावयाला घड्याळ देत, सायकल देत, रेडिओ देत, तेव्हाही बापाची ओढाताण व्हायचीच. पण तेव्हाच्या घड्याळाला वरची एक मर्यादा होती. ऐंशीच्या दशकात टायटन आलं, तेव्हा त्याच्या सुरुवातीच्या जाहिरातींत घड्याळांच्या रांगा असत आणि प्रत्येकाखाली किंमत छापलेली असे. वाचणाऱ्याला आपली कुवत तिथल्या तिथे कळे. किंमत न छापणाऱ्या जाहिरातीने ती मर्यादा पुसून टाकली. किती खर्च केला म्हणजे पुरेसा, याला आता उत्तर नाही. आणि जे नाव फक्त श्रीमंतांसाठी होतं, ते ओळखायला आमच्या मोहल्ल्यातला मुलगाही शिकला. तो त्या दरबारात शिकला, जिथे त्याला बसायला जागा नव्हती, फक्त ऐकायला बोलावलं होतं.

हा दरबार आता मोठा होणार आहे. भारत आणि युरोपातल्या स्वित्झर्लंडसह चार देशांच्या ‘एफ्टा’ गटातला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. त्यानुसार स्विस घड्याळांवरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने कमी होणार आहे. जाहिराती वाढतील, दुकानं लहान शहरांतही येतील. ज्यांना परवडतं त्यांनी जरूर घ्यावीत. कारागिरीची कदर करण्यात काहीच वाईट नाही. माझी विनंती आहे ती न घेणाऱ्यांना, म्हणजे आपल्यासारख्या बहुसंख्यांना.

महात्मा गांधींच्या कमरेला एक खिशातलं घड्याळ लटकत असे. ते वेळेचे पक्के होते, म्हणून ते हवं होतं. त्यांच्याजवळचं झेनिथ कंपनीचं घड्याळ, चष्मा, चपला आणि ताट-वाटी या वस्तूंचा मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कला एकत्र लिलाव झाला आणि अठरा लाख डॉलरची बोली लागली. त्यात घड्याळ स्विस होतं आणि चपला साध्या होत्या. पण घड्याळासाठी बोली वाढली आणि चपला त्याच्या मागून गेल्या, असं कुणी म्हणणार नाही. माणसाने वस्तूंना किंमत आणली होती. जाहिरात आपल्याला नेमका याच्या उलट हिशोब शिकवत असते.

आमच्या मशिदीच्या भिंतीवर एक लाकडी फलक आहे. त्यावर पाच नमाजांच्या पाच तबकड्या. त्यांच्या आत यंत्र नाही. ऋतूप्रमाणे वेळ बदलली की काटे हाताने सरकवतात. कुठल्याही कंपनीचं नाव त्यावर नाही, तरी सगळा मोहल्ला त्यावर विश्वास ठेवतो. गावच्या शाळेची घंटा, गिरणीचा भोंगा, एसटी स्टँडवरचं घड्याळ यांचंही तसंच. त्या वेळेला प्रतिष्ठा होती, कारण ती सगळ्यांची होती.

तेव्हा पुढच्या वेळी असं शांत, देखणं पान समोर आलं, तर ते जरूर पाहा. छायाचित्र सुंदर असतं, त्याचा आनंद घ्या. फक्त एक लक्षात असू द्या, की त्या पानाला तुमचे पैसे नको आहेत, तुमचं दडपणं हवं आहे. कुणाच्या मनगटाकडे पाहून त्याला खुर्ची पुढे करायची की नाही, हे आपण ठरवतो. सोयरीक जुळवताना मुलाचा फोटो पाहायचा की घड्याळाचा, हेही आपणच ठरवतो. दरबारातल्या माणसांनी माना डोलावणं थांबवलं, तर कसीदा वाचणाऱ्याला तो फार काळ वाचत राहता येत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)